मेल येतात, पण जात नाहीत

तक्रार साधारण अशी येते : "नेट व्यवस्थित चालतंय, मेल येतायत, फक्त बाहेर जात नाहीयेत." पाठोपाठ झालेल्या उपायांची यादी. पासवर्ड बदलून पाहिला, अकाउंट काढून पुन्हा टाकलं, पोर्ट २५ होतं ते ५८७ केलं, मग ४६५ केलं, अँटिव्हायरस बंद केला, राउटर रिसेट केला. "आणि आता येणारे मेलही बंद झालेत."

मुळात बिघाड एकच असतो. या खटाटोपानंतर त्याचे तीन होतात आणि पहिला कुठला हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून सेटिंग कशी बदलावी यापेक्षा ती बदलण्याआधी काय पाहावं याबद्दलच इथे जास्त लिहिलं आहे. मेल चारच ठिकाणी अडू शकतो : तुमच्या प्रोग्रॅममध्ये, वाटेतल्या नेटवर्कवर, पाठवणाऱ्या सर्व्हरपाशी, किंवा पलीकडच्या माणसाच्या सर्व्हरपाशी. यातलं ठिकाण एकदा ठरलं की दुरुस्ती बहुधा पाच-दहा मिनिटांची. न ठरवता हात घातला तर दिवस गेलाच म्हणून समजा.

'मेल येतायत म्हणजे अकाउंट बरोबर आहे' हा समज आधी बाजूला ठेवा. येणारा मेल आयमॅप किंवा पॉप या पद्धतीने येतो, बहुधा ९९३ किंवा ९९५ या पोर्टवरून. जाणारा मेल एसएमटीपीने जातो, ५८७ किंवा ४६५ वरून. सर्व्हरचं नाव बहुतेक वेळा वेगळं, पोर्ट वेगळं, आणि प्रोग्रॅममध्ये पासवर्डही वेगळ्या जागी साठवलेला. थंडरबर्डमध्ये तर जाणाऱ्या सर्व्हरांची यादी अकाउंट सेटिंगच्या डाव्या स्तंभात पार तळाशी असते. घरात दोन-तीन अकाउंट असली की एकाचे मेल दुसऱ्याच्या सर्व्हरवरून पाठवायचा प्रयत्न चाललेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. येणाऱ्या रस्त्यावरची वाहतूक सुरळीत आहे यावरून जाणाऱ्या रस्त्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

दोन रस्ते असे का, हे कळलं तर अर्ध्याअधिक एरर आपोआप उलगडतात. एसएमटीपीचा मसुदा जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिला. तेव्हा जाळ्यावरचे लोक मोजके आणि एकमेकांच्या विश्वासातले. पोस्टाच्या लाल पेटीत कोणीही पत्र टाकावं, पण आपल्या नावाच्या पोस्ट बॉक्समधली पत्रं काढायला किल्ली लागावी, तशी ती रचना होती. टपाल काढायला पासवर्ड, टाकायला काहीच नाही.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हाही हेच चालत होतं. मुंबईच्या जुन्या ग्राहकांना आपल्या पत्त्यातलं ते 'गियासबीएम०१' अजून आठवत असेल. त्या काळात मेल पाठवायचा तो इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून. सर्व्हर पासवर्ड विचारायचा नाही, फक्त जोडणी आपल्याच लाइनवरून आली आहे ना एवढं पाहायचा. आपली असेल तर मेल घे, बाहेरची असेल तर हाकलून दे. त्या हाकलण्याची ओळ आजही दिसते : ५५० हा आकडा आणि पुढे 'रिलेइंग डिनाइड' किंवा तशाच अर्थाचं काही. आउटलुकमध्ये त्याच्यासाठी ८००सीसीसी७९ असा शेवट असलेला कोड येतो. ब्रॉडबँड बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी मेल जायचे थांबले आणि हा संदेश दिसला, तर बिघाड शोधायला फार लांब जायला नको. जाणाऱ्या सर्व्हरच्या रकान्यात जुन्या कंपनीचं नाव राहिलं आहे, एवढंच. तिथे तुमचा मेलबॉक्स ज्याच्याकडे आहे त्याचा सर्व्हर टाका, पासवर्डसकट. मग लाइन कोणाची का असेना.

मग पोर्ट २५ चं काय झालं? ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग.एफ नावाचा वर्म पसरला. त्याच्या पोटात स्वतःचं मेल पाठवणारं यंत्र होतं. लागण झालेला घरचा संगणक थेट जगभरच्या सर्व्हरांच्या २५ क्रमांकाच्या दारावर जाऊन धडका मारायचा. अशा प्रकारांमुळे इंटरनेट कंपन्यांनी घरगुती ग्राहकांसाठी बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद करायला सुरुवात केली. आज बहुतेक ठिकाणी ते बंदच असतं आणि ते योग्यच आहे. सर्व्हरने सर्व्हरशी बोलायचं ते २५ वर. माणसाच्या प्रोग्रॅमने आपल्या सर्व्हरकडे मेल सोपवायचा तो ५८७ वर, असा वेगळा दरवाजा डिसेंबर १९९८ मध्येच नेमून दिला होता, आणि तिथे ओळख पटवणं आता सक्तीचं आहे. ४६५ चा इतिहास जरा विचित्र आहे. ते एकदा नेमलं, मग काढून घेतलं, पण लोक वापरतच राहिले, शेवटी २०१८ मध्ये त्याला रीतसर मान्यता मिळाली. तात्पर्य इतकंच की तुमच्या सेटिंगमध्ये २५ असेल तर इंटरनेट कंपनीशी भांडू नका, २५ बदला.

आता तपासणी. तीन चाचण्या, याच क्रमाने, आणि मधे एकही सेटिंग न बदलता.

आधी ब्राउझर उघडून त्याच अकाउंटमधून स्वतःलाच दोन शब्दांचा मेल पाठवा, कुठलीही फाइल न जोडता. इथूनही गेला नाही तर तुमचा प्रोग्रॅम निर्दोष आहे. अकाउंट अडवलं असेल, जागा भरली असेल, किंवा दिवसाची मर्यादा संपली असेल. साध्या जीमेलला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीने वार्षिक सभेची नोटीस आणि मेंटेनन्सची बिलं एकाच संध्याकाळी तीनशे सभासदांना पाठवली की ती सहज ओलांडली जाते. अशा वेळी करण्यासारखं काही नसतं. एक ते चोवीस तासांत दार पुन्हा उघडतं.

ब्राउझरमधून गेला, तर तोच छोटा मेल तुमच्या प्रोग्रॅममधून पाठवा. तो गेला आणि फक्त मोठी फाइल जोडलेलेच अडत असतील, तर ते प्रकरण निराळं, त्याकडे पुढे येतो.

छोटाही अडला, तर मोबाईलचा हॉटस्पॉट लावा आणि त्यावरून पाठवा. या चाचणीइतकं थोडक्या श्रमात इतकं सांगणारं दुसरं काही नाही, पण ती नीट करावी लागते. संगणकाची लॅनची वायर काढा, नाहीतर विंडोज गुपचूप जुन्याच लाइनवरून जात राहतं. फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटा चालू आहे याची खात्री करा. आणि 'फोनवरच्या जीमेलमधून तर जातोय' हा पुरावा धरू नका. जीमेलचं ॲप आपल्या जीमेल खात्याचे मेल एसएमटीपीने पाठवतच नाही, ते ब्राउझरसारखं थेट गूगलशी बोलतं.

हॉटस्पॉटवरून गेला तर दोष तुमच्या लाइनमध्ये, राउटरमध्ये, किंवा तुमच्या लाइनचा पत्ता सर्व्हरने अडवला आहे यात. हॉटस्पॉटवरूनही नाही गेला तर लाइन सुटली. प्रोग्रॅम आणि पासवर्ड यांच्याकडे वळा.

लाइन दोषी निघाली तर

विंडोजमध्ये पॉवरशेल उघडा आणि 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही आज्ञा द्या. पुढे सर्व्हरचं नाव, मग हायफन लावून 'पोर्ट' आणि ५८७. काही सेकंदांत शेवटच्या ओळीत 'ट्रू' किंवा 'फॉल्स' येतं. ट्रू आलं म्हणजे दरवाजापर्यंत रस्ता मोकळा आहे. ४६५ साठीही करा. एक ट्रू आणि एक फॉल्स आलं तर काम झालं, जे उघडं आहे ते वापरा.

आणखी आत डोकवायचं असेल तर टेलनेट हे जुनं साधन अजून उपयोगी आहे. विंडोजमध्ये ते आधी चालू करून घ्यावं लागतं. ५८७ वर जोडलं की सर्व्हर २२० या आकड्याने सुरू होणारी ओळ पाठवून स्वतःचं नाव सांगतो. आपण 'ईएचएलओ' आणि काहीतरी नाव लिहून नमस्कार करायचा, तो २५० च्या काही ओळींत आपल्याला काय काय येतं ते सांगतो. त्यात 'स्टार्टटीएलएस' हा शब्द दिसायला हवा. तुमचा प्रोग्रॅमही रोज हेच बोलतो : नमस्कार, कूटबद्ध बोलूया, मी अमुक, पाठवणारा तमुक, घेणारा अमका. मग सर्व्हर ३५४ म्हणतो, म्हणजे मजकूर सोड. मजकूर संपल्यावर एका ओळीत फक्त एक टिंब, त्यावर २५० आलं की मेल त्याच्या ताब्यात गेला. एरर यातल्या नेमक्या कुठल्या वाक्यावर आली, हेच शोधायचं असतं. क्वचित २२० च्या पुढे नावाऐवजी नुसते तारे दिसतात. याचा अर्थ मधे एक फायरवॉल बसली आहे, ती संभाषण खोडून पुढे पाठवते आहे, आणि 'स्टार्टटीएलएस' तिनेच गाळला आहे. ऑफिसच्या जुन्या फायरवॉलमध्ये हा प्रकार आढळतो. तिची मेल तपासणी बंद करायला सांगायचं.

छोट्या ऑफिसांमध्ये मात्र मला सगळ्यात जास्त वेळा भेटणारा दोष यातला कुठलाच नसतो. कंपनीचं स्वतःचं डोमेन, मेल एखाद्या होस्टिंगवाल्याकडे. एके सकाळी मेल जायचे थांबतात, मग यायचेही, आणि कोणीतरी सांगतं की आपली वेबसाइटही उघडत नाही. बाकी सगळं इंटरनेट चालू असतं. मोबाईल डेटावर सगळं सुरळीत. होस्टिंगवाला म्हणतो सर्व्हर चालू आहे, इंटरनेटवाला म्हणतो लाइन चालू आहे, आणि दोघांचंही खरं असतं. झालेलं असतं असं की आदल्या दिवशी कोणीतरी मेलचा पासवर्ड बदलला, आणि ऑफिसातल्या एका फोनवर, कधी खणात पडलेल्या जुन्या टॅबवर, जुनाच पासवर्ड राहिला. ते यंत्र दर काही मिनिटांनी चुकीचा पासवर्ड देत बसतं. ठरावीक प्रयत्नांनंतर सर्व्हरला वाटतं कोणीतरी कुलूप फोडतंय, आणि तो त्या आयपी पत्त्याला, म्हणजे पर्यायाने अख्ख्या ऑफिसला, दाराबाहेर काढतो. होस्टिंगच्या मदतकेंद्राला 'मेल चालत नाही' असं सांगून उपयोग नाही. ब्राउझरमध्ये आपला आयपी पत्ता पाहून घ्या आणि विचारा, "हा पत्ता तुमच्या फायरवॉलमध्ये ब्लॉक झालाय का?" ते काढतील. पण ते यंत्र शोधलं नाही तर तासाभरात पुन्हा तेच. आणि एक पीडा : हल्ली बऱ्याच कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी देतात. तसं असेल तर चुकीचा पासवर्ड देणारा तुमच्या ऑफिसात नसून दोन गल्ल्या सोडून कोणाच्या तरी घरात असू शकतो. अशा वेळी स्थिर आयपी विकत घेणं हाच टिकाऊ उपाय.

लहान मेल जातात, मोठे अडकतात

याची दोन कारणं. पहिलं साधं आहे. फाइल मेलमधून जाताना अक्षरांत रूपांतरित होते आणि एक तृतीयांशाहून थोडी जास्त फुगते. म्हणून जीमेलची २५ एमबीची मर्यादा प्रत्यक्षात १८ एमबीच्या आसपासच्या फाइलला संपते. १० एमबीची पीडीएफ जवळपास १३.७ एमबी होते, आणि अपलोडचा वेग १ एमबीपीएस असेल तर तिला जायला दोन मिनिटं लागतात. जुन्या आउटलुकमध्ये सर्व्हरची वाट पाहण्याची मुदत मुळात एक मिनिटाची असते. मुदत संपली की तो हात झटकतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. अकाउंटच्या 'मोअर सेटिंग्ज'मध्ये 'ॲडव्हान्स्ड' पानावर ती पट्टी आहे, दहा मिनिटांपर्यंत सरकवता येते.

दुसरं कारण खवचट आहे. मेल कितीही वेळ दिला तरी जात नाही, पट्टी एका ठिकाणी थिजते, आणि स्पीड टेस्ट मात्र झकास येते. फायबरची लाइन पीपीपीओई पद्धतीने लॉगिन होत असेल तर तिच्यातून एका वेळी १४९२ बाइटचं पाकीट जातं, नेहमीचं १५०० चं नाही. राउटरने हे संगणकाला कळवायला हवं. तो गप्प राहिला तर लहान मेलची पाकिटं सुटतात, मोठ्या मेलची भरगच्च पाकिटं वाटेत गडप होतात. तपासायचं असं : कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग', मग हायफन एफ, हायफन एल, १४७२ आणि १.१.१.१ हा पत्ता. उत्तर आलं नाही, पण १४७२ च्या जागी १४६४ टाकल्यावर आलं, तर रोग हाच. राउटरच्या वॅन पानावर एमटीयू, म्हणजे पाकिटाचा कमाल आकार, १४९२ करा. नवा राउटर बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर हे सगळ्यात आधी पाहावं.

दोष प्रोग्रॅममध्ये असेल तर

५३५ हा आकडा दिसला की सर्व्हरने नाव-पासवर्ड नाकारला. "पासवर्ड तर बरोबर आहे, ब्राउझरमध्ये चालतोय" हे खरं असलं तरी उपयोगाचं नाही. गूगलने ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांचा नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रॅमना वापरू देणं थांबवलं. दोन मार्ग उरतात. प्रोग्रॅमला ओऑथ येत असेल तर पडताळणीच्या रकान्यात ते निवडा, मग गूगलचं स्वतःचं पान उघडून लॉगिन होतं. थंडरबर्डला ते येतं. येत नसेल तर खात्यावर दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड तयार करायचा आणि तो प्रोग्रॅममध्ये टाकायचा. गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 'काल रात्रीपर्यंत जात होते' असं कोणी म्हणालं की मी आधी हेच विचारतो. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक डॉट कॉम, हॉटमेल वगैरे खात्यांवर १६ सप्टेंबर २०२४ पासून साधा पासवर्ड बंद आहे. तिथे ओऑथशिवाय गत्यंतर नाही. एखादा जुना प्रोग्रॅम ते ओळखतच नसेल तर त्याच्याशी झटण्यात अर्थ नाही, नवा घ्या.

टॅलीतून थेट इन्व्हॉइस पाठवणाऱ्यांना आणि स्कॅनरवरून मेल करणाऱ्यांना याचा फटका सर्वांत जास्त बसतो, कारण तिथे सर्व्हरचे तपशील एकदा भरून वर्षानुवर्षं कोणी उघडून पाहिलेले नसतात. त्यात पोर्ट २५ आणि कूटबद्धता बंद, असं सापडलं तर नवल नाही. जुन्या स्कॅनरला टीएलएस या कूटबद्धतेच्या पद्धतीची १.२ ही आवृत्ती येत नसेल तर सेटिंगने काही होणार नाही. टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाले आहेत. अशा यंत्राला स्कॅन करून नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये टाकायला शिकवा, मेल माणसाने करावा.

एरर न येता प्रोग्रॅम नुसताच फिरत राहिला आणि शेवटी वेळ संपल्याचं म्हणाला, तर पोर्ट आणि कूटबद्धतेची जोडी पाहा. ४६५ ला 'एसएसएल/टीएलएस', ५८७ ला 'स्टार्टटीएलएस'. अदलाबदल झाली की एक जण दुसऱ्याने बोलायची वाट पाहत बसतो. आउटलुकमध्ये 'जाणाऱ्या सर्व्हरला पडताळणी लागते' या अर्थाची एक चौकट मोअर सेटिंग्जमध्ये असते. हाताने अकाउंट भरताना ती राहून जाते. सर्टिफिकेटबद्दल तक्रार आली तर आधी संगणकाचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल संपून तारीख काही वर्षं मागे गेली की कुठलंच सर्टिफिकेट वैध वाटत नाही. घड्याळ ठीक असेल तर जाणारे मेल तपासणारा अँटिव्हायरस मधे आपलं सर्टिफिकेट घुसडत असतो. त्याचा मेल तपासण्याचा भागच तेवढा बंद करा, सगळा अँटिव्हायरस नव्हे.

दोन चकवे आहेत, त्यात मेल अडलेलाच नसतो किंवा तुम्हीच अडवलेला असतो. आउटलुकच्या आउटबॉक्समध्ये रांगेतला मेल तिरप्या अक्षरांत दिसतो. 'गेला का नाही बघू' म्हणून तुम्ही तो उघडून बंद केलात की अक्षरं सरळ होतात आणि तो रांगेतून बाहेर पडतो. मग तो तिथेच बसून राहणार. पुन्हा उघडून सेंड दाबायचं. आणि थंडरबर्डमध्ये 'सेंट फोल्डरमध्ये प्रत ठेवत आहे' इथे खिडकी अडकली तर मेल तेव्हाच निघून गेलेला असतो. आता फक्त त्याची प्रत आयमॅपने सर्व्हरवर चढते आहे. घाबरून पुन्हा पाठवलात तर ग्राहकाला तेच बिल दोनदा मिळतं. जीमेल स्वतःच सेंटमध्ये प्रत ठेवतं, म्हणून त्या अकाउंटसाठी थंडरबर्डची प्रत ठेवण्याची खूण काढून टाकायला हरकत नाही.

इंटरनेट कंपनीला फोन करायची वेळ

ती खरोखर आली असेल तर चाचण्यांचे निकाल हाताशी असू द्या. पलीकडचा मुलगा किंवा मुलगी समोरच्या पडद्यावरचे प्रश्न वाचत असते. 'मेल जात नाही' म्हटलंत की 'सर, राउटर बंद करून चालू करा' यापलीकडे गाडी जात नाही. असं सांगा : "अमुक सर्व्हरच्या ५८७ पोर्टवर तुमच्या लाइनवरून जोडणी होत नाही, मोबाईल नेटवर्कवरून होते. राउटर काढून संगणक थेट जोडून पाहिला, तरी तेच. तक्रार तांत्रिक विभागाकडे पाठवा आणि डॉकेट नंबर द्या." राउटर काढून खरंच पाहिलेलं असावं, कारण ते विचारणारच. केबलवाल्याची लाइन असेल तर फोनपेक्षा त्याच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला समोर बसवून पॉवरशेलमधला तो 'फॉल्स' दाखवणं जास्त कामाचं. तोवर काम अडत असेल तर मेल ब्राउझरमधून पाठवा.

गेला, पण परत आला

'मेलर-डीमन' किंवा 'मेल डिलिव्हरी सबसिस्टिम' या नावाने उत्तर आलं तर तुमचा प्रोग्रॅम, तुमची लाइन, तुमचा पासवर्ड, सगळं ठीक आहे. मेल तुमच्या हातून सुटून पुढे अडला. त्या उत्तरात इंग्रजीचा डोंगर असतो. त्यातला तीन आकडी क्रमांक शोधा. चारने सुरू होत असेल तर अडथळा तात्पुरता आहे, सर्व्हर स्वतःच चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, तुम्ही काही करू नका. पाचने सुरू होत असेल तर निकाल लागला. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, बहुधा टायपिंगची चूक. ५.२.२ म्हणजे समोरच्याची पेटी भरली, फोन करून सांगा. ५५२ आणि पुढे सुरक्षेचा उल्लेख असेल तर जोडलेली फाइल अडवली. जीमेल ईएक्सई, बॅट, जेएस अशा फाइली झिपमध्ये घातल्या तरी ओळखून नाकारतं.

स्वतःचं डोमेन असलेल्यांनी ५.७.२६ हा आकडा लक्षात ठेवावा, म्हणजे पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. तुमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायला कुठल्या सर्व्हरला परवानगी आहे, हे डीएनएसमध्ये एसपीएफची नोंद करून जाहीर करायचं, किंवा प्रत्येक मेलवर डीकेआयएमची सही असायला हवी. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि शिवाय डीमार्क. होस्टिंग बदललं, मेल दुसरीकडे हलवला, आणि ही नोंद जुन्याच सर्व्हरच्या नावाने राहिली की जीमेलवरच्या ग्राहकांना पाठवलेले तुमचे मेल परत येऊ लागतात, बाकीच्यांकडे ते स्पॅममध्ये पडतात.

इथे एक चूक हटकून होते. नवा मेलवाला म्हणतो ही एसपीएफची ओळ डीएनएसमध्ये घाला, आणि आपण ती जुनीच्या खाली घालतो. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी लागते. दोन दिसल्या की घेणारा सर्व्हर दोन्ही सोडून देतो आणि नोंद सदोष ठरवतो. दोन्हींतले 'इन्क्लूड'ने सुरू होणारे भाग एकाच ओळीत आणा, दुसरी ओळ काढून टाका. बदल सगळीकडे पोचायला काही तास जाऊ शकतात. मग त्या डोमेनवरून एखाद्या जीमेलवर मेल पाठवा, तिथे तो उघडून उजवीकडच्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' निवडा. वरच्याच तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांच्यापुढे 'पास' की 'फेल' ते लिहिलेलं असतं.